रग्बी लीगचा फॉरवर्ड तिशीतच का थांबतो?

रग्बी लीगमध्ये संघाचे 13 खेळाडू, त्यातले 6 फॉरवर्ड. सहा वेळा अडवलं गेलं की चेंडू समोरच्या संघाकडे जातो. तेवढ्यात धडका देत संघाला पुढं रेटायचं, हे फॉरवर्डचं काम. म्हणजे शरीर हेच भांडवल, आणि त्यावर घसारा जबर.

इंग्लंडचा सॅम बर्जेस बघा. 2010 मध्ये तो ऑस्ट्रेलियात साउथ सिडनी रॅबिटोजकडे गेला. 2014 च्या अंतिम सामन्यात पहिल्याच धडकेत गालाचं हाड मोडलं, तरी गडी पूर्ण 80 मिनिटं खेळला. संघाला 43 वर्षांनी विजेतेपद, त्याला सामनावीराचं पदक. पण खांद्याच्या दुखापतीमुळे 2019 मध्ये, वयाच्या 30 व्या वर्षी निवृत्ती घ्यावी लागली. पुढं तो प्रशिक्षक झाला.

कमाईची वर्षं अशी मोजकीच. पुढची सोय आधीच बघावी लागते.