अंडं सोडलं, तरी कोलेस्टेरॉल का वाढलं?

‘आम्ही माळकरी. घरात अंडं-मटण येत नाही. मग कोलेस्टेरॉल वाढलंच कसं?’ रक्ताचा रिपोर्ट हाती पडला, की आष्टा परिसरातल्या दवाखान्यांत हा प्रश्न हमखास येतो.

उत्तर यकृतात आहे. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. शरीरच ते तयार करतं, रोज सुमारे एक ग्रॅम. पेशींचं आवरण, पित्तरस, संप्रेरकं यांसाठी ते लागतंच.

घरावरची टाकी भरली, की आतला फुगा वर येऊन पाणी बंद करतो. पेशीतही तसंच घडतं. कोलेस्टेरॉल कमी पडलं, की पेशी उत्पादन वाढवते आणि रक्तातलं ‘एलडीएल’ ओढून घेणारे रिसेप्टर जास्त तयार करते. पुरेसं झालं, की दोन्ही कमी होतं. अमेरिकेतल्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी हे उलगडलं. त्यासाठी त्यांना 1985 चं नोबेल मिळालं.

ही व्यवस्था बिघडते कशी? साय, तूप, डालडा यांतली संपृक्त चरबी रिसेप्टरचं काम मंदावते. थायरॉइड कमी असला, तरी तेच होतं. काहींत दोष जन्मापासून असतो. जगात साधारण 250 ते 300 माणसांमागे एकाला आई किंवा वडिलांकडून असं सदोष जनुक मिळतं. त्यांचं एलडीएल बहुधा 190 च्या वर असतं आणि हृदयविकाराचा झटका ऐन उमेदीत येऊ शकतो.

शेंगतेलाच्या डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ पाहून निर्धास्त होऊ नये. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. म्हणून भजी रोज खावीत असं नाही.

स्टॅटिनची गोळी यकृतातलं उत्पादन रोखते. मग यकृत रिसेप्टर वाढवून रक्तातलं एलडीएल खेचून घेतं. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळे. ‘आता बरं झालं’ म्हणून ती बंद केली, की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो. त्रास काहीच जाणवत नाही आणि धोका तिथेच असतो.

म्हणून गोळी मनाने बंद करू नये. त्रास वाटला तर डॉक्टरांना सांगावं. घरात कुणाला चाळिशी-पन्नाशीतच झटका आला असेल, तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासणी करावी. गळ्यात माळ असली, तरीही.