खेळातला पैसा (भाग ६) : बंदुकीचं बिल आधी

गेल्या आठवड्यात दुकानं चालवण्याचे खेळ पाहिले. तिथे हिशेब हाच खेळ असतो, त्यामुळे त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. या वेळचा ‘क्रिप्टार्क’ मात्र गोळीबाराचा खेळ आहे, आणि तरीही त्यात घाम फुटतो तो खर्चाच्या पडद्यावर. कॅनडातल्या एलियनट्रॅप या छोट्या स्टुडिओने २०१७ मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाजारात आणला.

प्रकार ट्विन-स्टिक शूटरचा. डाव्या स्टिकने फिरायचं, उजवीने नेम धरायचा. म्हणजे पळता एकीकडे आणि गोळ्या झाडता दुसरीकडे. ही मांडणी रुजवली ती विल्यम्स कंपनीच्या १९८२ च्या ‘रोबोट्रॉन: २०८४’ने. मोटार अपघातात हाताला दुखापत झाल्यामुळे तो खेळ रचणाऱ्या युजीन जार्व्हिसला गोळीबाराचं बटण दाबणं जमेना, तेव्हा त्याने दुसरी जॉयस्टिकच बसवली, असं सांगतात. त्या काळी खेळणाऱ्याच्या खिशातलं नाणं आर्केडच्या यंत्रात जाई. खेळाच्या आत पैशाला काही काम नव्हतं. पुढे १९९० च्या ‘स्मॅश टीव्ही’त पडद्यावर नोटांच्या थप्प्या आल्या खऱ्या, पण त्या उचलून गुण वाढवायचे, एवढंच.

‘क्रिप्टार्क’मध्ये पैसा आधी जातो. तुम्ही कंत्राटी लढवय्ये. अवकाशात बेवारस तरंगणाऱ्या परग्रही जहाजांत शिरायचं आणि त्यांचा गाभा फोडायचा. प्रत्येक जहाजाचा मोबदला ठरलेला. निघण्यापूर्वी समोर नकाशा येतो: ढाल कुठे आहे, अलार्म कुठे, मोडलेलं पुन्हा सांधणारी यंत्रणा कुठे, रोबो तयार करणारा कारखाना कुठे. त्याच वेळी शस्त्रं निवडायची असतात आणि प्रत्येक शस्त्रावर किंमत लिहिलेली असते. भारी क्षेपणास्त्रं घेतली, जादा ढाल घेतली, की जिंकूनही हातात जेमतेम काही उरतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! हरलात, तर लावलेलं सगळं बुडालं. तिजोरी रिकामी झाली की मोहीम संपली.

यामुळे गोळीबाराचा स्वभावच बदलतो. एरवी अशा खेळात जे दिसेल ते फोडत सुटायचं असतं. इथे नकाशा वाचावा लागतो. दुरुस्तीची यंत्रणा आधी पाडली नाही, तर मागे मोडून आलेली ढाल पुन्हा उभी राहते; म्हणजे तेच काम दोनदा, आणि तेवढा मार जास्त. अलार्मपासून लांबून जाता येत असेल तर स्वस्तातली बंदूकही पुरते. हातात कसब असेल तर खर्च कमी, नसेल तर ती उणीव पैसे मोजून भरून काढायची. कौशल्य आणि भांडवल यांचा असा थेट विनिमय मला फार कमी खेळांत दिसला आहे. इतर शूटरमध्ये बंदूक हे बक्षीस असतं, इथे ती गुंतवणूक आहे.

खोट आहेच. दोन जहाजांवर तोटा झाला की तिसऱ्यावर हलक्या शस्त्रांनिशी उतरावं लागतं, आणि हलकी शस्त्रं म्हणजे पुन्हा तोट्याची शक्यता. गाळात चाललेल्याला खेळ हात देत नाही. ज्याची तिजोरी भरलेली, त्याला मात्र एखादी चूक सहज परवडते. बाहेरच्या जगाशी हे इतकं जुळतं की रागही येत नाही; पण नव्या खेळाडूने इथेच कंटाळून कंट्रोलर खाली ठेवला, तर त्याला दोष देववत नाही.

हिशेब नको असेल त्यांच्यासाठी याच खेळात ‘रोग’ (Rogue) हा खेळण्याचा वेगळा प्रकार आहे. त्यात बजेट नाही, जहाजात सापडेल ते शस्त्र उचलायचं. तो वेगवान आहे, चुरशीचाही आहे. पण शिल्लक किती हे डोक्यात नसलं की नेम धरताना हात कचरत नाही, आणि मला तो कचरणारा हातच जास्त आवडतो.

पुढच्या आठवड्यात ‘ब्रोटॅटो’ : एकाच वेळी सहा शस्त्रं बाळगणारा बटाटा, आणि शत्रूंच्या प्रत्येक लाटेनंतर उघडणारं दुकान.