गर्भाशयातील गाठी : पिशवी काढण्यापूर्वीचे पर्याय

पेण व रोहा परिसरात अतिरजःस्रावाची तक्रार असलेली स्त्री पुष्कळदा प्रथम वैद्याकडे अथवा औषधाच्या दुकानात येते. सोनोग्राफीच्या अहवालात 'फायब्रॉइड' हा शब्द आला की तिचा पहिला प्रश्न असतो, "पिशवी काढावी लागेल का?" या प्रश्नाचे उत्तर आपणांस नेमके देता आले पाहिजे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. अनावश्यक गर्भाशयछेदन रोखण्याविषयी सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये राज्यांना निर्देश दिले.

या गाठी बहुतांशी सौम्य असतात. लक्षणे नसल्यास केवळ निरीक्षण पुरते. रजोनिवृत्तीनंतर त्या सहसा आकसतात. उपचार ठरतो तो गाठीचे स्थान, आकार, रुग्णेचे वय व अपत्येच्छा यांवरून.

गाठ गर्भाशयाच्या पोकळीत असेल तर हिस्टेरोस्कोपीद्वारे, पोटावर छेद न घेता, योनिमार्गे ती काढता येते. भिंतीतील वा बाहेरील गाठ दुर्बिणीतून लहान छिद्रांवाटे काढून गर्भाशय राखता येते. अपत्येच्छा असलेल्या स्त्रीसाठी हे पर्याय विशेष महत्त्वाचे होत. तिसरा उपाय रक्तवाहिनी-रोधनाचा. १९९५ मध्ये फ्रान्समधील राव्हिना यांनी तो प्रसिद्ध केला. मांडीतील अथवा मनगटातील धमनीतून नलिका नेऊन सूक्ष्म कणांनी गाठीचा रक्तपुरवठा बंद केला जातो व पुढील काही महिन्यांत गाठ आकसते. पहिल्या दिवशी वेदना तीव्र असतात. पुढे गर्भधारणा हवी असल्यास हा उपाय सहसा प्रथम सुचवीत नाहीत. एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली ध्वनिलहरींनी गाठ तापवून नष्ट करण्याची पद्धतही आहे; मात्र ती निवडक रुग्णांतच उपयोगी पडते. या सोयी प्रामुख्याने मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मिळतात. शेतात किंवा पेणच्या गणपती कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रीला मोठ्या छेदानंतरची सुमारे सहा आठवड्यांची विश्रांती परवडत नाही; तिला प्रवासाचा हा खर्च कदाचित स्वस्त पडेल.

वैद्यांचे कर्तव्य काय? चरकांनी रक्तगुल्माची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर सांगितली, ती गर्भाची शंका दूर व्हावी म्हणून. आज मूत्रचाचणी व सोनोग्राफीने हा निर्णय त्याच दिवशी होतो. औषधयोजनेपूर्वी तो अवश्य करावा. कांचनार गुग्गुळ, लोध्र, अशोक यांची योजना करताना हिमोग्लोबिन तपासत राहावे. ते घसरत असेल तर औषधावर महिने घालवू नयेत. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, वेगाने वाढणारी गाठ, मूत्रावरोध अथवा चक्कर येण्याइतका स्राव असेल तर रुग्णेस तत्काळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. चाळिशीनंतर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी झाली आहे का, हेही विचारावे. पाठविताना चालू औषधांची यादी चिठ्ठीत लिहावी.

औषधविक्रेत्यांनी रक्तस्राव थांबविणाऱ्या वा पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या चिठ्ठीविना पुनःपुन्हा देऊ नयेत; त्यांनी स्राव झाकला जातो, निदान मात्र लांबते.

गर्भाशय काढणे काही रुग्णांत योग्यच असते. तथापि तो निर्णय सर्व पर्याय समजून घेतलेल्या स्त्रीचा असावा. ते पर्याय तिच्यापर्यंत पोहोचविण्यास आपल्याइतके जवळचे दुसरे कोणी नाही.