टॅब्लेट निश्चल होतो तेव्हा

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांनी २००१ मध्ये सिम्प्यूटर हा हातात मावणारा संगणक सादर केला. यंत्र गावातील अनेकांनी वापरावे, माहिती मात्र ज्याच्या त्याच्या स्मार्टकार्डावर राहावी, ही त्यामागील सूज्ञ कल्पना.

आजच्या टॅब्लेटमध्ये माहिती बहुधा यंत्राच्याच पोटात असते. म्हणून पडदा गोठताच ‘फॅक्टरी रीसेट’ करू नये. त्याने साठवलेली छायाचित्रेही पुसली जातात. प्रथम चालू-बंद करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. काही यंत्रांत आवाजाची कळही सोबत दाबावी लागते. यंत्र पुन्हा सुरू होताना केवळ तात्पुरती स्मृती रिकामी होते. बॅटरी पार उतरली असल्यास चार्जर जोडूनही पडदा काही काळ काळाच राहतो; तो बिघाड नव्हे.