बेडरूम गायब झालेली नाही

"मॅडम, बेडरूम गायब झाली." दरवर्षी नवी मुलं ऑफिसात रुजू होतात आणि महिन्याभरात कुणीतरी मला हे ऐकवतंच.

प्लॉट बहुधा कोकणातला, उताराचा. मधे हॉल, दीड मीटर वर बेडरूम, दीड मीटर खाली गाडी आणि अडगळ. रेव्हिटमध्ये मॉडेल झकास उभं असतं, थ्रीडीत फिरवलं तर कौलंही मोजता येतील. प्लॅन उघडला की मात्र बेडरूमच्या जागी भलतंच काहीतरी, आणि खालच्या खोलीला एकही खिडकी नाही. मग निदान ठरलेलं: सॉफ्टवेअरला स्प्लिट-लेव्हल जमत नाही. उपायही ठरलेला: रेघा मारून खिडक्या हाताने काढून टाका.

सॉफ्टवेअरला जमतं हो! घोळ आपल्या डोक्यात आहे. प्लॅन म्हणजे वरून दिसणारं घर, असं शाळेपासून मनात बसलंय. वरून दिसतं ते छप्पर. प्लॅनसाठी घर आडवं कापायचं, वरचा भाग बाजूला ठेवायचा आणि खाली बघायचं. कापायचं फरशीपासून साधारण चार फुटांवर. खिडकीची सिल तीन फुटांवर, लिंटेल सात फुटांवर, त्यामुळे चार फुटांवर सुरी दारं-खिडक्या दोन्हींतून जाते. रेव्हिटच्या मेट्रिक टेम्प्लेटमध्ये कट प्लेन 1200 मिलिमीटरवर असतो, तो याच हिशेबाने.

आता आपलं घर कापू. हॉलची फरशी शून्यावर, सुरी +1.2 मीटरवर. बेडरूमची फरशी +1.5 वर. म्हणजे सुरी त्या फरशीच्या तीस सेंटिमीटर खालून गेली, पाच-सहा इंची स्लॅबच्याही खालून. मग दिसणार काय, तर जोत्याच्या भिंती! खालच्या खोलीची फरशी −1.5 वर. तिथे सुरी फरशीपासून 2.7 मीटर उंचीवर, लिंटेलच्या दोन फूट वर. तिथे भिंत सलग आहे, म्हणून सलग दिसते. जिथे कापायला सांगितलं तिथे रेव्हिटने इमानदारीत कापलं.

उपाय व्ह्यू टॅबवर, प्लॅन व्ह्यूजच्या यादीत आहे: प्लॅन रीजन. बेडरूमभोवती बंद चौकट काढा आणि तिच्या व्ह्यू रेंजमध्ये कट प्लेन 2700 करा. टॉप त्याच्या खाली राहिला तर रेव्हिट अडून बसेल, म्हणून तोही वर न्या. खालच्या खोलीला दुसरी चौकट: कट −300, बॉटम आणि व्ह्यू डेप्थ −1500. सगळे आकडे हॉलच्या लेव्हलपासून. चौकटी एकमेकींवर चढवायच्या नाहीत, कडेला कड चालते. कुणाला हा जुगाड वाटत असेल तर रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कची मदत-पानं उघडा. प्लॅन रीजन कशासाठी, हे सांगताना त्यांनी उदाहरणच स्प्लिट-लेव्हलचं दिलंय.

हाताने मारलेल्या रेघांवर माझा राग आहे, कारण मीही त्या मारल्या आहेत. मॉडेलमध्ये खिडकी सरकवली, रेघ होती तिथेच राहिली. गवंड्याने प्लॅनबरहुकूम जांभ्याची भिंत चढवली आणि आठ दिवसांनी तीच फोडताना मी समोर उभी होते. तो काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

बाकीचे समज किरकोळ. प्रत्येक अर्ध्या मजल्याला वेगळा प्लॅन लागतो? नाही. लेव्हल जरूर करा, पण 'मेक प्लॅन व्ह्यू'ची खूण काढून. अशा लेव्हलचं चिन्ह निळं न दिसता काळं दिसतं. सगळा मधला मजला एकाच शीटवर येऊ दे, फक्त प्रत्येक खोलीत तिची पातळी लिहा आणि हॉलमधून निघणाऱ्या दोन जिन्यांपैकी कुठला 'अप', कुठला 'डाउन', हे बाणाने दाखवा.

थ्रीडी आहे तर सेक्शन कशाला? अहो, हे घर सुचतंच सेक्शनमध्ये. दीड मीटर चढायला दीडशे मिलिमीटरच्या दहा पायऱ्या. राष्ट्रीय इमारत संहितेची घरासाठीची कमाल 190 धरली तरी आठ. जिन्याखालून जायची वाट असेल तर डोक्यावर 2.2 मीटर हवेत. हे प्लॅनमध्ये दिसत नाही.

स्प्लिट-लेव्हल फक्त डोंगरउतारावर? मुंबईत चार्ल्स कोरियांच्या कांचनजंगा इमारतीतले फ्लॅट बघा. 1983 सालच्या त्या टॉवरमध्ये घरं एकमेकांत अडकवली आहेत आणि आत पातळ्या वर-खाली खेळवल्या आहेत.

आणि शेवटचा, घरमालकांचा लाडका: "म्हातारपणी रॅम्प टाकू की." 1:12 च्या उताराने दीड मीटर चढायला 18 मीटर रॅम्प लागतो, मधले विसावे वेगळे. ज्यांनी परवा हे विचारलं, त्यांचा आख्खा प्लॉट पंधरा मीटर रुंद आहे.