नासा आणि संस्कृत: अफवा आली कुठून?

"संगणकासाठी संस्कृत सर्वोत्तम, नासाची घोषणा!" हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. अशी घोषणा नासाने केलेली नाही.

मूळ गोष्ट वेगळी आहे. १९८५ मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये रिक ब्रिग्ज यांचा लेख आला. ते नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संस्थेत संशोधक होते. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या काटेकोरपणे उलगडत, त्याचं संगणकात ज्ञान मांडण्याच्या पद्धतीशी साम्य आहे, हा त्यांचा मुद्दा. संस्कृतमध्ये प्रोग्रॅम लिहा, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. लेख त्यांचा होता, नासाचा ठराव नव्हे.

सुमारे ४००० सूत्रांत अख्खं व्याकरण बसवणाऱ्या पाणिनीला नासाचा शिक्का कशाला हवा? असा फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी मूळ लेख शोधून वाचा.