ब्लडप्रेशरची गोळी आणि घरखर्च
पेरणीच्या दिवसांत पैशाची ओढ लागली की घरातली म्हातारी माणसे ब्लडप्रेशरची गोळी गुपचूप दिवसाआड घेऊ लागतात. डोके दुखत नाही, मग कशाला खर्च! अहो, वाढलेला दाब बहुधा दुखतच नाही. कळतो तो अर्धांगाचा झटका आल्यावर.

गोळी रोज घ्या, पैसा किमतीत वाचवा. पाकिटावरचे ठळक नाव कंपनीने ठेवलेले. औषधाचे नाव वेगळे, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ऑगस्ट २०२३ पासून राज्यात तेथील औषधे मोफत आहेत. साठा संपला असेल (संपतोही!) तर जनऔषधी केंद्र गाठा, तेथे ती पुष्कळ स्वस्त पडते. कंपनीच्या नावापुढे ‘एटी’ किंवा ‘एच’ अक्षरे असतील, तर गोळीत दुसरेही औषध आहे. ती बदलण्याआधी पाकीट डॉक्टरांना दाखवा.